डोकं खाणारा गवंडी

चाकणच्या एका कारखान्यात एक तपासनीस होता. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनायचे. मशीनवरून उतरलेला नग त्याच्या टेबलावर यायचा आणि त्याने पास केला तरच पुढे जायचा. त्याच्याकडे दोन टोकांचं एक गेज होतं. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. पहिलं अडलं तर नग नापास, दुसरं शिरलं तरी नापास. ओळखीपाळखीवर त्याने कधी एक नग सोडला नव्हता.

वेल्डिंगच्या नगांची गोष्ट जरा वेगळी होती. वेल्डिंग वरून कितीही देखणं असलं तरी आत ते किती मुरलंय हे वरून कळत नाही. म्हणून अधूनमधून एक चांगला दिसणारा नग घ्यायचा, करवतीने कापायचा, कापलेली बाजू घासून तिच्यावर ॲसिड लावायचं आणि भिंगाखाली बघायचं. तो नग वाया जातो, पण बाकीच्यांची खात्री होते.

नवा पुरवठादार घ्यायचा असेल तर कारखान्याची माणसं आधी त्याच्या शेडवर जाऊन येत. मापं कुठे लिहितात, खराब माल कुठे टाकतात, सगळं पाहून मग ऑर्डर. तपासनीसही जायचा. भोसरीतल्या कितीतरी शेड त्याने अशा पाहिल्या होत्या.

त्याचं घर होतं निगडीला, प्राधिकरणात. प्राधिकरण स्थापन झालं १९७२ साली. तेव्हा पिंपरी-चिंचवडला महापालिकाही नव्हती, ती आली १९८२ मध्ये. तपासनीसाच्या वडिलांना तिथे एक लहानसा प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला होता. आकुर्डीच्या कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी त्यावर घर बांधलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि न्हाणीघर. पुढे वडील गेले. आई, मुलगा, सून आणि नातू राहिले.

घराला चाळीस वर्षं होत आली आणि वरच्या न्हाणीघराचं पाणी खाली स्वयंपाकघरात उतरायला लागलं. आधी छताला पिवळा डाग पडला. मग रंगाचे पोपडे सुटले. आणि एका रविवारी गिलाव्याचा खपला थेट आमटीच्या पातेल्यात पडला.

त्या दिवशी ठरलं, आता काम काढायचंच.

काम काढायचं म्हटलं की यादी वाढते. सुनेला स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधली भिंत नको झाली होती. नातवाला वरच्या खोलीत मोठ्या टाइल्स हव्या होत्या. तपासनीसाला वायरिंग बदलायचं होतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पाणी थांबलं की झालं."

पहिला ठेकेदार गाडीतून आला. कपडे पांढरेशुभ्र, हातात टॅबलेट. त्याने घर पाच मिनिटांत पाहिलं आणि टॅबलेटवर चित्र दाखवलं. चित्रात भिंत नव्हती. तिच्या जागी एक ओटा होता, वर तीन दिवे लोंबत होते.

"भिंत निघेल ना?" सुनेने विचारलं.

"का नाही निघणार, मॅडम? एका दिवसाचं काम आहे."

संध्याकाळी मोबाइलवर त्याचा आकडा आला. एकच ओळ आणि एकच रक्कम, सगळं धरून. पंचवीस दिवसांत चावी. अर्धे पैसे आधी.

दुसरा आला तो गवंडी होता. मूळचा लातूरकडचा, साठीला टेकलेला. तरुणपणी मजूर अड्ड्यावर उभा राहायचा, आता चार-सहा माणसं हाताखाली ठेवून अंगावर कामं घ्यायचा. त्याने दारातच चपला काढल्या आणि पिशवीतून ओळंबा, पाण्याची नळी आणि एक शाळकरी वही काढली. दीड तास तो घरात फिरला. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघत बसला. मधली भिंत त्याने हाताने ठोकली, वर स्लॅबकडे पाहिलं, बाजूने माप घेतलं.

"नऊ इंची आहे. हिला मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "आधी इंजिनिअर आणा. त्याने लिहून दिलं तर बोला."

सुनेचा चेहरा उतरला.

"आळंदीला भिंत चालली ती माउलींच्या शब्दावर," गवंडी म्हणाला. "ही चालायला लागली तर माझ्या शब्दाने थांबायची नाही."

वायरिंगलाही तो नाही म्हणाला. "ते माझं काम नव्हे. परवाना असलेला वायरमन बघा. भिंतीला खाचा मी मारून देईन."

दोन दिवसांनी त्याने वहीची तीन पानं आणून दिली. प्रत्येक कामाची वेगळी ओळ. कोबा किती जाडीचा, पाइप किती इंची, सिमेंटच्या पिशव्या किती, तोडलेला राडारोडा कोण उचलणार, सगळं लिहिलेलं. अक्षर वाईट होतं. बेरीज पहिल्या ठेकेदारापेक्षा बरीच जास्त होती. तळाशी एक ओळ होती: मालकाने बोलावल्यावर आले पाहिजे.

"म्हणजे काय?" तपासनीसाने विचारलं.

"म्हणजे मी बोलावलं की तुम्ही यायचं."

तपासनीस हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने वाक्य उलटंसुलटं लिहिलंय.

त्याने एका कागदावर रकाने आखले. दर, मुदत, बोलणं, टापटीप. पहिल्याला गुण जास्त पडले. आई म्हणाली, "तुमच्या कंपनीत बघून येतात ना आधी? मग आपणही बघून येऊ. मी पण येते."

पहिल्या ठेकेदाराने रावेतचा एक फ्लॅट दाखवला. महिन्यापूर्वीच चावी दिली होती. फ्लॅट झकपक होता. तपासनीसाने खिशातून लेव्हल काढून ओट्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. रुपयाचं नाणं काढून टाइल्सवर वाजवलं. टाइलखाली माल कमी पडला असेल तर आवाज पोकळ येतो. एकही टाइल पोकळ वाजली नाही. त्याने मनातल्या मनात शिक्का मारला.

आई घरातल्या बाईंशी बोलत होती. तिने एकच प्रश्न विचारला. "न्हाणीघराची फरशी बसायच्या आधी खाली काय होतं, ते तुम्ही बघितलंत का हो?"

"नाही काकू. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो. चावी दिली तेव्हाच आलो. काही त्रास नाही पडला आम्हाला."

आई बरं म्हणाली.

गवंड्याला विचारलं, नवं काम कुठलं दाखवतोस? तो म्हणाला, "नवं कशाला बघता? नवं सगळ्यांचंच चांगलं असतं. तीन पावसाळे खाल्लेलं बघा." त्याने मोशीतल्या एका घराचा पत्ता दिला.

मोशीचं घर साधं होतं. रंग उडाला होता. दाराजवळच्या एका टाइलचा टवका निघाला होता. तपासनीसाने तो पाहिला आणि नाक मुरडलं. छत मात्र कोरडं होतं.

आईने तिथल्या बाईंनाही तोच प्रश्न विचारला.

"बघितलं का म्हणून काय विचारता!" बाई उसळल्याच. "अहो काकू, डोकं खाल्लं त्या माणसाने. पाइप टाकला, या बघायला. पाणी भरलं, या बघायला. आमचे हे तळवड्याला कंपनीत आहेत, त्यांना दोनदा अर्धा दिवस टाकायला लागला. मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही करा की, आम्हाला काय कळतंय त्यातलं? तर म्हणतो, न कळू दे, बघा तर खरं. एवढ्यासाठी दोन दिवस काम बंद ठेवलं होतं त्याने. कामाला बरा आहे, पण फार डोकं खातो."

बाहेर पडल्यावर तपासनीसाने कागद काढला आणि गवंड्याच्या नावावर काट मारली. "त्याचंच गिऱ्हाईक तक्रार करतंय," तो म्हणाला. "आणि मला कुठून मिळणार सुट्ट्या?"

आईने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याने विचारलं नाही.

काम पहिल्या ठेकेदाराला गेलं. त्याची माणसं दुसऱ्याच दिवशी आली आणि झपाझप कामाला लागली. सून आणि नातू काही दिवसांसाठी माहेरी गेले. आई म्हणाली, मी कुठे जाणार नाही. खुर्ची टाकून ती घरातच बसली. धूळ उडाली की पदर नाकाला लावायची.

तपासनीसाची पहिली पाळी होती. पहाटेच्या बसने जायचा आणि चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीतून सुटून संध्याकाळी परत यायचा. रोज काहीतरी झालेलं असायचं. त्याला समाधान वाटायचं. त्या लोकांचा वेग खराच होता, त्यात खोट नव्हती.

न्हाणीघराचा जुना कोबा फोडला. जुना बिडाचा पाइप काढला, नवा पांढरा पाइप टाकला. आई काठी टेकत जिना चढून वर गेली.

"पाणी भरून ठेवणार ना रे बाळा?" तिने प्लंबरच्या पोराला विचारलं.

"आजी, केमिकल मारलंय. आता पाणीबिणी भरायची गरज नसते."

"मग आमच्या साहेबाला येऊ दे. त्याला दाखव एकदा."

"साहेबांना फरशी दाखवतो की संध्याकाळी!"

संध्याकाळी खरंच फरशी तयार होती. तपासनीसाने लेव्हल लावली, नाणं वाजवलं, टेपने कोपरे मोजले. सगळं पास. त्याने ठेकेदाराला दुसरा हप्ता पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पाडायची होती. माणसं घण घेऊन आली. पाहतात तर आईने खुर्ची भिंतीला टेकवलेली, आणि ती जपमाळ घेऊन बसलेली.

"आजी, जरा उठता का?"

"नाही."

"भिंत पाडायची आहे."

"इंजिनिअरने लिहून दिलंय का?"

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदाराने तपासनीसाला लावला. तपासनीसाने आईला लावला. आईने मोबाइल वाजू दिला. दुपारी तिने तिथेच जेवण केलं. माणसं आधी हसली, मग कंटाळली, आणि चार वाजता वरच्या खोलीच्या टाइल्स बसवायला निघून गेली.

तपासनीस चिडून घरी आला. पण आईला उठवायचं कसं? शेवटी नाइलाजाने त्याने एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअरने वर-खाली पाहिलं, दोन ठिकाणी गिलावा खरवडला.

"या घराला कॉलम नाहीत," तो म्हणाला. "स्लॅब या भिंतींवरच टेकलाय. ही काढली असती तर वरची खोली खाली आली असती. आज नाही, तर पुढच्या महिन्यात. आणि तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी करून घ्यावी असं महापालिकेचा कायदाच सांगतो. तुमच्या घराला किती झाली?"

तपासनीस काही बोलला नाही. आईने खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

मग वरचं न्हाणीघर वापरात आलं. आठवडाभर ठीक गेलं. मग स्वयंपाकघराच्या छताला, अगदी जुन्याच जागी, नवा ओला डाग उमटला.

ठेकेदाराने तीन दिवस फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, ते बाहेरच्या भिंतीतून येतंय, आमच्या कामात नाही. मग म्हणाला, बघायला माणूस पाठवतो. माणूस आला नाही. करारात काय लिहिलंय ते पाहावं, तर करार नव्हताच. होती ती मोबाइलवरची एक ओळ. भांडणात फार वेळ गेला, पैसे काही परत आले नाहीत. ते सगळं सांगत बसण्यात अर्थ नाही, ज्यांनी घराचं काम काढलंय त्यांना ते माहीत आहे.

तपासनीस एका रविवारी मोशीच्या बाईंकडून गवंड्याचा नंबर घेऊन आला.

गवंडी आला. मी सांगितलं होतं वगैरे काही म्हणाला नाही. त्याने फक्त छिन्नी मागितली. तपासनीसाला बाजूला उभं केलं आणि त्याच्यासमोर एकेक टाइल काढली. टाइल्स उत्तम बसवल्या होत्या, त्या सहजी निघेनात. खाली कोबा होता, तोही फोडला. खाली पाइप होता. पाइपच्या एका सांध्याला सोल्युशन लावलंच नव्हतं, नुसता आत खुपसला होता. गवंड्याने दोन बोटांनी ओढला तर निघून हातात आला. नहाणी ट्रॅप भोकात सैल बसला होता, भोवती माल भरलेला नव्हता. आणि खालच्या थराचा उतार जाळीकडे असायचा तो कोपऱ्याकडे होता. वरच्या फरशीचा उतार बरोबर, खालचा उलटा. सांध्यातून गळलेलं पाणी खालच्या थरावरून कोपऱ्यात जाऊन साठत होतं आणि तिथून खाली उतरत होतं.

तपासनीस तो सुटा पाइप हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. वर काहीच चुकलेलं नव्हतं. त्याने जे जे मोजलं होतं ते सगळं बरोबर होतं.

गवंड्याने वहीची पानं पुन्हा दिली. दर तोच. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामाचे. शेवटचा दहावा हिस्सा दसऱ्याला, म्हणजे पावसाळा गेल्यावर. आणि तळाशी तीच ओळ.

"येईन," तपासनीस म्हणाला.

त्याने कारखान्यात साहेबांकडे अर्ज दिला. महिन्यात चार अर्धे दिवस हवे होते. साहेबांनी कारण विचारलं. त्याने पाइपची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, "इथे नग कापून बघता येतो. घर कापून बघता येत नाही. जा."

काम सुरू झालं. ते सावकाश चाललं. सिमेंटच्या पिशव्या आल्या तेव्हा गवंड्याने तपासनीसाला पिशवीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचायला लावलं. तीन महिन्यांहून जुनी पिशवी असेल तर परत पाठवायची, असं सांगितलं. क्रश सॅण्ड आली ती मुठीत दाबून दाखवली. मूठ उघडल्यावर हाताला भुकटी फार चिकटली तर गिलाव्याला तडे जातात. पाइप टाकल्यावर बोलावलं. नळी धरून उतार दाखवला, चार फुटांत एक इंच. प्रत्येक सांध्यापाशी टेप धरून तपासनीसाला मोबाइलवर फोटो काढायला लावले. "उद्या टॉवेलची खुंटी ठोकायची झाली तर खिळा कुठे मारायचा नाही ते यात बघा," तो म्हणाला.

तपासनीस येत होता, पण कुरकुरत होता. एकदा तर तो चाकणहून दीड तास गर्दी तुडवत आला आणि गवंड्याने त्याला काय दाखवलं, तर एक भोक. ट्रॅपभोवती माल भरायच्या आधीचं भोक. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "एवढ्यासाठीच," गवंडी म्हणाला आणि माल भरायला बसला.

कोबा झाला. विटांचे तुकडे लावून, वर माल ओतून, कडेने भिंतीवर फूटभर चढवून घेतला. मग गवंड्याने जाळी बंद केली आणि न्हाणीघरात चार इंच पाणी भरलं. पाणी जिथे टेकलं तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"आता तीन दिवस कुणी काम करायचं नाही," तो म्हणाला. माणसांना त्याने दुसऱ्या साइटवर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटा आला. तपासनीस कंपनीच्या बसमध्ये होता. सून अजून माहेरीच होती. आईने दार उघडलं. गवंडी वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. म्हणून आई काठी टेकत वर गेली.

गवंडी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. पाणी रेघेच्या खाली बोटभर उतरलं होतं. एका रात्रीत एवढं पाणी उडून जात नाही. त्याच्याशेजारी दोन बादल्या होत्या. दोन्ही भरलेल्या. शेजारी नळ होता. त्या दोन बादल्या आत ओतल्या असत्या तर पाणी पुन्हा रेघेला लागलं असतं. घरात बघणारं कुणी नव्हतं, आणि जी होती तिला पेन्सिलीची रेघ चष्म्याशिवाय दिसत नव्हती.

गवंड्याने खिशातून मोबाइल काढला.

"साहेब," तो म्हणाला, "पाणी उतरलंय. माझ्या कामात कुठेतरी खोट आहे. संध्याकाळी बघायला या. तोवर मी हात लावत नाही."

संध्याकाळी तपासनीस आला. गवंड्याने पाणी काढलं, कोपऱ्यात पाइप भिंतीत शिरतो तिथे कोबा फोडला. कोबा आणि पाइप यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली होती. त्याच्या पोरांपैकी एकाने पाइप खरवडून न घेता माल दाबला होता. गवंड्याने त्या पोराला बोलावून फट दाखवली. ओरडला नाही. तपासनीसाला म्हणाला, "याचा माल आणि मजुरी माझी. वहीत लिहू नका." सगळं पुन्हा केलं. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा रेघ मारली. तीन दिवस पाणी रेघेला चिकटून राहिलं. मग फरशी बसली.

फरशीला एके ठिकाणी रेषा किंचित चुकली होती. तपासनीसाने ती पाहिली आणि सोडून दिली.

मधली भिंत राहिलीच. इंजिनिअरने तिच्यात एक खिडकी काढायला लिहून दिलं, वर लिंटल टाकून. सुनेला आता ओट्याशी उभं राहून हॉलमधला टीव्ही दिसतो. तीन लोंबते दिवे तिने त्या खिडकीत लावून घेतले, परवानावाल्या वायरमनकडून.

काम संपलं त्या रात्री तपासनीसाने आईला विचारलं, "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कसं?"

"मला काय कळणार?" आई म्हणाली. "हे घर बांधलं तेव्हा तुझे वडील रात्रपाळीला असायचे. दिवसा झोपायचे. स्लॅब टाकायचा होता त्या दिवशी गवंड्याने मला चुलीपुढून उठवून वर नेलं. म्हणाला, वहिनी, सळ्या बघा, आता या पुन्हा कधी दिसायच्या नाहीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी नुसत्या मोजल्या. तो म्हणाला, मोजल्यात ना? मग ओततो."

ती थोडी थांबली.

"चूक कुणाच्याही हातून होते, बाळा. झाकायच्या आधी जो दाखवायला बोलावतो, काम त्याला द्यावं."

पाऊस आला. जून गेला, जुलै गेला, पवनेला पूर येऊन ओसरला. छत कोरडं राहिलं. दसऱ्याला गवंडी आपट्याची पानं घेऊन आला आणि राहिलेला दहावा हिस्सा घेऊन गेला.

दिवाळीच्या आधी पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ तपासनीसाकडे आले. त्यांच्याही छताला डाग पडला होता. गवंडी कसा आहे, असं त्यांनी विचारलं.

"फार डोकं खातो," तपासनीस म्हणाला. "सुट्ट्या शिल्लक ठेवा." आणि त्याने मोबाइल काढून नंबर लिहून दिला.